माईनमुळा, मुलुंड आणि तीनशे चौऱ्याऐंशी वेल

औषधांचा शोध घेणाऱ्या प्रयोगशाळेत हाताच्या पंजात मावेल अशी एक प्लॅस्टिकची प्लेट असते. लांबी १२७.७६ मिलिमीटर, रुंदी ८५.४८ मिलिमीटर. हे माप जगभर एकच आहे. तिच्यात १६ ओळी आणि २४ रकाने मिळून ३८४ खळगे असतात, त्यांना आम्ही वेल म्हणतो. प्रत्येक वेलमध्ये काही हजार जिवंत पेशी आणि साधारण वीस मायक्रोलिटर द्राव. बहुतेक वेलमध्ये तपासायचे नवे रेणू जातात, एक-दोन रकाने मात्र राखीव असतात. पेशीतल्या सायक्लिक एएमपी या निरोप्या रेणूवरून रिसेप्टरची चाचणी करायची असेल, तर त्या राखीव रकान्यात फोर्स्कोलिन नावाचा रेणू घालायचा. बोस्टन असो, बाझेल असो की शांघाय, पद्धत हीच.

मी अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत हा रकाना भरत आले. आधी हाताने, मग यंत्राने. राहायला मुलुंडला. आणि फोर्स्कोलिन हे मुलुंडचं आहे. १९७७-७८ सालचे त्यावरचे मूळ निबंध उघडले, तर लेखकांच्या नावांखाली पत्ता सापडतो: हेक्स्ट, मुलुंड, मुंबई ४०००८०. माझ्या घरी येणाऱ्या पत्रांवर असतो तोच पिनकोड. आमच्या उपनगराची ओळख सांगताना लोक भाजीबाजार सांगतात, मॉल सांगतात, योगी हिल सांगतात. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आधी रिसेप्टरचं काम थोडक्यात. सोसायटीत टाकीत पाणी चढवायचं असेल तर आपण वॉचमनला सांगतो आणि तो पंपखोलीतलं बटण दाबतो. पेशीच्या कातडीवरचा रिसेप्टर म्हणजे हा वॉचमन. बाहेरून ॲड्रेनलिनसारखा निरोप आला की तो आतल्या जी-प्रथिनाला कळवतो, जी-प्रथिन ॲडेनिलेट सायक्लेज नावाच्या एन्झाइमला चालू करतं आणि पेशीत सायक्लिक एएमपी वाढू लागतं. या साखळीच्या एकेका कडीला नोबेल मिळालेलं आहे: सायक्लिक एएमपीसाठी अर्ल सदरलँड यांना १९७१ मध्ये, जी-प्रथिनांसाठी गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४ मध्ये, रिसेप्टरसाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ मध्ये. फोर्स्कोलिन वॉचमनला विचारत नाही. ते पंपखोलीत शिरतं आणि थेट मोटर सुरू करतं. म्हणूनच ते आमच्या राखीव रकान्यात असतं: पेशी जिवंत आहेत, एन्झाइम शाबूत आहे, मोजणी नीट चालली आहे, हे सगळं त्या रकान्यावरून कळतं.

फोर्स्कोलिनचा शोध ज्या मुलुंडमध्ये लागला ते आजचं नव्हे. लालबहादूर शास्त्री मार्गावर, म्हणजे जुन्या आग्रा रोडवर, भांडुपपासून ठाण्याच्या वेशीपर्यंत कारखान्यांची रांग होती आणि पाळीच्या भोंग्यावर लोक घड्याळ लावत. जर्मन हेक्स्टचा औषधांचा कारखाना त्या रांगेतलाच. त्याला जोडून १९७२ साली मूलभूत संशोधनाचं केंद्र सुरू झालं. पश्चिम उपनगरात असा प्रयत्न त्याआधी झाला होता. गोरेगावला सीबा या स्विस कंपनीच्या संशोधन केंद्राचं उद्घाटन १९६३ मध्ये पंडित नेहरूंनी केलं होतं आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले नामवंत रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी तिथे संचालक म्हणून आले होते. सिंटामिल या नावाने विकलं गेलेलं नैराश्यावरचं नायट्रॉक्सॅझेपिन हे औषध गोरेगावचं. म्हणजे आरे कॉलनीच्या एका बाजूला आणि संजय गांधी उद्यानाच्या डोंगरापलीकडे दुसऱ्या बाजूला, दहा वर्षांच्या आत, नवे रेणू शोधणारी दोन मोठी केंद्रं उभी राहिली. त्याच १९७२ मध्ये नवा पेटंट कायदा अमलात आला, औषधाच्या रेणूवरचं पेटंट भारतात उरलं नाही, आणि बहुतेक देशी कंपन्यांचा कल परदेशात सापडलेली औषधं स्वस्तात कशी बनवायची याकडे वळला. त्या वाटेने आपल्या लोकांना परवडणारी औषधं मिळाली, त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण तेव्हाच्या मुलुंडमध्ये अगदी नवा रेणू शोधत बसणं ही प्रवाहाविरुद्धची गोष्ट होती, हे ध्यानात ठेवावं लागतं.

नोएल डिसूझा यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी भारतीय औषधी वनस्पतींचा पद्धतशीर शोध आरंभला. जुन्या वैद्यकात उल्लेख असलेल्या, लोक खात-वापरत असलेल्या वनस्पती गोळा करायच्या, अर्क काढायचा आणि त्याचा रक्तदाबावर, हृदयावर काय परिणाम होतो ते पाहायचं. त्या यादीत कोलियस फोर्स्कोहली होती. आपल्याकडे माईनमुळा म्हणतात ती. तुळशीच्या कुळातली, जाड मऊ पानांची, निळसर-जांभळ्या फुलांची. तिची मुळं लोणच्यात घालतात. गुजराती घरांत याच मुळांना गरमर म्हणतात, आणि मुलुंड-घाटकोपरच्या कच्छी-गुजराती बिऱ्हाडांत गरमरचं लोणचं मानाचं. घाटकोपरच्या बाजारात मोसमात ती मुळं मी विकत घेतली आहेत: मातकट, बोटाएवढी, कापली की ओव्याच्या जवळ जाणारा उग्र वास. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर जपानमध्ये ज्याच्यापासून बनवलेलं औषध टोचलं गेलं आहे, तो रेणू या तुकड्यांत असतो.

वनस्पतीच्या नावात जो फोर्स्कोल आहे, त्याची कथा थोडी बाजूची असली तरी इथे यायलाच हवी. पेटर फोर्स्कोल हा लिनियसचा शिष्य. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेतला वनस्पतिशास्त्रज्ञ. येमेनमध्ये वनस्पती गोळा करताना जुलै १७६३ मध्ये हिवतापाने तो वारला. उरलेले सोबती मोखा बंदरातून जहाजाने मुंबईला निघाले, त्यांतले दोघे समुद्रातच गेले, एक जण मुंबईत पुढच्या वर्षी गेला. एकटा कार्स्टन नीबूर जगला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ राहिला, घारापुरीची लेणी मोजून त्यांची चित्रं काढली, आणि परत गेल्यावर १७७५ मध्ये मित्राची वनस्पतींवरची टिपणं छापून काढली. मोहिमेतल्या मेलेल्या माणसाचं काम दुसऱ्याने इतक्या निष्ठेने तडीला नेल्याची उदाहरणं थोडी आहेत. फोर्स्कोलचं नाव दोनशे वर्षांनी मुंबईच्याच एका उपनगरातून जगभर गेलं.

मुळांच्या अर्काने भूल दिलेल्या प्राण्यांचा रक्तदाब उतरला. मग अर्काचे भाग पाडत, प्रत्येक भागाची पुन्हा चाचणी घेत, शुद्ध रेणूपर्यंत पोचायचं होतं. सुजाता भट आणि सहकाऱ्यांनी त्याची रचना १९७७ मध्ये प्रसिद्ध केली: बावीस कार्बन, चौतीस हायड्रोजन, सात ऑक्सिजन, आणि अवकाशात नेमकी दिशा सांभाळणारे आठ कार्बन. रसायनशास्त्रज्ञांना हा रेणू प्रयोगशाळेत बांधायला पुढची दहा-एक वर्षं लागली, आणि १९८८ मध्ये तो बांधणाऱ्यांत हार्वर्डचे ई. जे. कोरी होते, यावरून त्याच्या गुंतागुंतीची कल्पना येईल. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही हेच झाड तपासलं जात होतं. त्यांनी आपल्या रेणूला कोलिओनॉल नाव दिलं होतं. रचनेत एका ठिकाणी फरक दिसत होता, पण दोन्ही रेणू एकच, हे १९८५ पर्यंत स्पष्ट झालं. दोन भारतीय प्रयोगशाळा स्वतंत्रपणे एकाच मुळापाशी पोचल्या, ही मला स्पर्धेपेक्षा जास्त आनंदाची गोष्ट वाटते. मुलुंडच्या मंडळींनी पुढे कोलियस आणि प्लेक्ट्रँथसच्या भाऊबंद जातीही तपासल्या. फोर्स्कोलिन मिळालं ते फक्त माईनमुळ्यात.

यातला खरा कस लागला तो औषधशास्त्रात. १९७८ मध्ये फ्रँकफर्टचे लिंडनर आणि मुलुंडचे दोहादवाला व भट्टाचार्य यांनी लिहिलं की हा रेणू रक्तदाब उतरवतो आणि त्याच वेळी हृदयाचं आकुंचन जोरकस करतो. हृदय जोरात चालवणारी औषधं तेव्हा दोन घराण्यांतली होती. एक डिजिटॅलिसचं, दुसरं ॲड्रेनलिनसारख्यांचं. फोर्स्कोलिन दोन्हींत बसेना. ॲड्रेनलिनचे बीटा रिसेप्टर प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधाने अडवून ठेवले तरी त्याचा परिणाम होतच राहिला. म्हणजे ते रिसेप्टरमार्गे जातच नव्हतं. १९८१ मध्ये हेक्स्टमधल्या मेट्झगर आणि लिंडनर यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत बेथेस्डाला सीमन, पॅजेट आणि डेली यांनी दाखवलं की ते सरळ ॲडेनिलेट सायक्लेजवर बसतं. हा डेली म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या विषारी बेडकांच्या कातडीतले रेणू शोधणारा जॉन डेली. त्या निबंधानंतर मुलुंडच्या रेणूची मागणी जगातल्या प्रत्येक संप्रेरक-प्रयोगशाळेतून होऊ लागली. फोर्स्कोलिन चिकटवलेल्या मण्यांच्या नळीतून गाळूनच पुढे ते एन्झाइम शुद्ध करता आलं, आणि १९९७ मध्ये त्याची स्फटिकरचना दिसली तेव्हा फोर्स्कोलिन आतल्या खोबणीत बसलेलं होतं.

औषध म्हणून मात्र त्याचा प्रवास आखूड राहिला. पाण्यात विरघळत नाही, आणि शरीरात जिथे तिथे सायक्लिक एएमपी वाढवतं. पाण्यात विरघळणारं कोल्फोर्सिन डॅरोपेट हे त्याचं रूप १९९९ मध्ये जपानात हृदयाच्या तीव्र दुबळेपणासाठी मान्य झालं. एवढंच. आज दुकानांत वजन घटवण्याच्या नावाखाली या मुळाच्या कॅप्सूल मिळतात. रक्तदाब उतरवणारा आणि जठरातलं आम्ल वाढवणारा पदार्थ कोणी डॉक्टरला न विचारता रोज घेऊ नये, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला बजावते.

आता मोजणी लहान होत गेली त्याबद्दल, कारण माझं आयुष्य त्यात गेलं.

मी कामाला लागले तेव्हा सायक्लिक एएमपी मोजणं म्हणजे काचनळ्यांचं काम होतं. एका नळीत एक मिलिलिटर, प्रत्येक मात्रेच्या दोन-तीन नळ्या, किरणोत्सारी आयोडीन-१२५, त्याचं रजिस्टर, त्याच्या कचऱ्याचा वेगळा पिंप. आयोडीन-१२५ साठ दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे किट आलं की पंचांग त्याचं चालायचं. दिवसभरात एखादी व्यक्ती मोजक्याच रेणूंची चाचणी करू शकायची. पिपेट तोंडाने ओढायची सवय कॉलेजात लागलेली, ती प्रयोगशाळेत आल्यावर मोडली. अंगठ्याने दाबायची पिपेट मारबुर्गच्या हाइनरिख श्निट्गरने १९५७ मध्ये बनवली होती, पण भारतातल्या बऱ्याच कॉलेजांत ती पोचायला तीस वर्षं लागली. आणि खळग्यांची प्लेट हंगेरीची. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला फ्लूच्या तपासण्या करताना साहित्याची टंचाई होती, म्हणून ज्युला ताकाची यांनी ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात ओळी-रकान्यांत खळगे कोरले. टंचाईतून आलेली ती मांडणी आजही प्रत्येक प्लेटच्या पोटात आहे: ९६च्या प्लेटमध्ये दोन वेलमधलं अंतर ९ मिलिमीटर, ३८४मध्ये साडेचार, १५३६मध्ये सव्वादोन. तेवढ्याच चौकटीत दर वेळी चौपट.

आमच्याकडे आठ टोकांचं द्रव भरणारं यंत्र आलं तेव्हा सगळ्यात मोठा फायदा वेगाचा होईल असं वाटलं होतं. खरा फायदा झाला तो सारखेपणाचा. आठ टोकांच्या पिपेटने हाताने प्लेट भरताना शेवटच्या ओळीपर्यंत अंगठा थकतो आणि मात्रा किंचित ढळते. यंत्राचा अंगठा थकत नाही. चाचणी भरवशाची आहे का, हे १९९९ पासून आम्ही झेड-प्राइम नावाच्या आकड्याने ठरवतो. फोर्स्कोलिनचे वेल आणि रिकामे वेल यांच्या सरासरीतलं अंतर किती, आणि प्रत्येक गटातला विखुरलेपणा किती, यांच्या गुणोत्तरावरून तो निघतो. अर्ध्याच्या वर असेल तर प्लेट स्वीकारायची. म्हणजे पट्टीचं एक टोक मुलुंडच्या रेणूने धरलेलं. ज्या रिसेप्टरचा निरोप सायक्लिक एएमपी कमी करण्याचा असतो, उदाहरणार्थ मॉर्फिन जिथे बसतं ते किंवा मेलाटोनिनचे, तिथे तर फोर्स्कोलिनशिवाय चाचणीच होत नाही. आधी त्याने पातळी चढवायची, मगच ती उतरते का हे दिसतं.

हिशेब करून पाहा. वाळलेल्या मुळात फोर्स्कोलिन वजनाच्या हजारात एखाद-दोन भाग, म्हणजे किलोला ग्रॅमभर धरू. एका मिलिलिटरच्या नळीत नेहमीची दहा मायक्रोमोलर मात्रा ठेवायला चार मायक्रोग्रॅम लागतं, ग्रॅमभरात सुमारे अडीच लाख नळ्या होतात. वीस मायक्रोलिटरच्या वेलला लागतं ८२ नॅनोग्रॅम, आणि त्याच ग्रॅमभरात एक कोटी वीस लाख वेल. मुळं उपटूनच काढावी लागतात, झाड राहत नाही. रानातली माईनमुळ्याची पैदास त्यामुळेच घटली आणि कर्नाटक, तामिळनाडूत तिची शेती सुरू झाली. चाचणी लहान करण्यात पैसा वाचतो हे सगळे सांगतात. झाडही वाचतं, आणि प्राणीही.

मुंबईची हवा या लहान मोजणीला फार छळते. रेणू डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ठेवतात, ते पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घेतं. मात्रा पातळ होते, काही रेणू साका होऊन बसतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्लेटवरचं सील काढायचं ते भरण्याच्या क्षणीच, असा आमचा नियम होता. उलट एसीच्या कोरड्या झोतात कडेचे वेल आधी सुकतात. नळीतलं एक मिलिलिटर पाच मायक्रोलिटरने घटलं तर काही बिघडत नाही, पण १५३६च्या प्लेटमध्ये वेलभर द्रावच पाच मायक्रोलिटर असतो. पेशी घातलेली प्लेट लगेच इनक्यूबेटरमध्ये न ठेवता अर्धा तास टेबलावर स्थिर ठेवायची, म्हणजे पेशी कडेला गोळा होत नाहीत. या गोष्टी हातांनी शिकवाव्या लागतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं आणि वीज गेली. आम्ही काही जणी रात्रभर तिथेच होतो. इनक्यूबेटरचं दार कोणी उघडायचं नाही, एवढंच हातात होतं. वाढत्या पेशी गेल्या. द्रव नायट्रोजनमधल्या गोठवलेल्या कुप्या वाचल्या, आणि त्यांतून सगळ्या पेशी आम्ही पुन्हा वाढवल्या.

आता मला जे खरं म्हणायचं आहे ते. समजा १९७४-७५ मध्ये मुलुंडला आमच्यासारखी यंत्रं असती आणि माईनमुळ्याचा अर्क रिसेप्टरच्या प्लेटमधून तपासला असता. चिन्हांकित रेणू रिसेप्टरवरून हटतो का, या चाचणीत फोर्स्कोलिन शून्य ठरलं असतं, कारण ते रिसेप्टरला शिवत नाही. सायक्लिक एएमपीच्या चाचणीत ते झळकलं असतं, पण रिसेप्टर नसलेल्या पेशींतही तसंच झळकलं असतं, आणि अशा रेणूला खोटा होकार समजून यादीतून काढायचं असा आमचा शिरस्ता आहे. रोजच्या कामात तो शिरस्ता बरोबरच आहे. पण मुलुंडच्या लोकांनी रिसेप्टरचा प्रश्न आधी विचारलाच नव्हता. हृदयाचं काय होतं, एवढंच त्यांनी पाहिलं, आणि परिणाम ओळखीच्या घराण्यांत बसत नाही म्हटल्यावर त्याला बाद न करता त्याच्या मागे गेले. लहान चाचणी एकाच प्रश्नाचं उत्तर लाखो वेळा देते. तो प्रश्न चुकीच्या जागी ठेवला तर नवं काही हाती येऊनही आपण ते केरात टाकतो. म्हणून बाद झालेल्या रेणूंची वही वेगळी ठेवावी आणि ती वर्षातून एकदा माणसाने वाचावी, हा आग्रह मी सोडला नाही.

मुलुंडच्या केंद्रातून आणखी एक मोठा रेणू आला. सह्याद्रीत वाढणाऱ्या डायसोझायलम या झाडातल्या रोहितुकीनवरून तिथे फ्लॅव्होपिरिडॉल घडवलं गेलं, आणि पेशीविभाजनाची सायक्लिन-किनेज एन्झाइमं अडवणारं, माणसांत तपासलं गेलेलं ते पहिलं औषध ठरलं. १९९८ मध्ये ते केंद्र निकोलस पिरामलकडे गेलं, काम पुढे गोरेगावला वाढलं, आणि २०१४ मध्ये पिरामलने मुंबईतलं नव्या रेणूंचं संशोधन आवरतं घेतलं. त्या पिढीचं ज्ञान इतर कंपन्यांत आणि अध्यापनात पसरलं. सुजाता भट पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाल्या होत्या, आणि नैसर्गिक पदार्थांच्या रसायनावरचं त्यांचं सहलेखन असलेलं पुस्तक विद्यार्थी वापरतात.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी यंत्राला हात लावू देण्याआधी १९७८ आणि १९८१चे निबंध वाचायला द्यायचे. एकदा त्यातल्या एकीने विचारलं, "मॅडम, ते हृदयावरचं प्रोप्रॅनोलॉल आपण प्लेटमध्ये करून बघूया का?" आम्ही केलं. बीटा रिसेप्टर असलेल्या पेशी, अर्ध्या प्लेटला प्रोप्रॅनोलॉल, अर्धीला नुसता द्राव, मग एका भागात ॲड्रेनलिनसारख्या आयसोप्रोटेरेनॉलच्या वाढत्या मात्रा आणि दुसऱ्या भागात फोर्स्कोलिनच्या. दुपारी वाचन यंत्रातून आकडे आले. आयसोप्रोटेरेनॉलची रेषा प्रोप्रॅनोलॉलमुळे उजवीकडे लांब सरकली होती. फोर्स्कोलिनच्या दोन रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या होत्या. तिने तो आलेख छापून वहीत चिकटवला आणि खाली पत्ता लिहिला, मुंबई ४०००८०.